इंधन : शून्य

ब्लाइथच्या वाचनालयात, गुरुवारी संध्याकाळी,
एक प्रोजेक्टर, एक मी, आणि अकरा माणसं.
त्यातली चार, हीटर चालू असतो म्हणून आलेली.

मी कॉस्ट अकाउंटंट. पवनचक्क्यांवर माझं प्रेमबिम नाही.
मी बेरीज करते.
पाया, पाती, समुद्राखालची केबल, बोटींचं भाडं,
पंचवीस वर्षांचं व्याज, पंचवीस वर्षांचा घसारा,
मग भागाकार : एका युनिटला किती पेन्स.
कोळशाचंही तसंच. बॉयलर, चिमणी,
राखेची विल्हेवाट, धुरावरचा कर,
आणि इंधन.
आणि पुढच्या महिन्यात पुन्हा इंधन.
भट्टीचं पोट कधी भरत नाही.
वाऱ्याच्या तक्त्यात त्या ओळीत शून्य.
उन्हाच्या तक्त्यातही.
इतकं सोपं आहे, मी म्हणाले,
पाचवीतल्या पोरालाही

“आणि वारा पडला की?”

मागच्या रांगेतून. नॉर्मन हेस्लॉप,
हे नाव मला नंतर कळलं.

पडतो, मी म्हणाले. जानेवारीत पडतो.
चार-चार दिवस समुद्र परातीतल्या पाण्यासारखा,
आणि सूर्य साडेतीनलाच दुकान बंद करून निघालेला.
तेव्हा बॅटऱ्या लागतात, नॉर्वेची केबल लागते,
गॅस लागतो, आणि दर असा उसळतो
की आमच्या ऑफिसात कुणी जोरात बोलत नाही.
ते धरूनही कोळसा महागच पडतो.
मी काही लपवलेलं नाही. पान चौदा.

“वाचलंय,” तो म्हणाला.

चौदाव्या पानापर्यंत आजवर कुणी आलं नव्हतं.

मग तो उठला, खुर्च्यांना धरत धरत पुढे आला,
थेट प्रोजेक्टरच्या झोतात.
माझे आकडे त्याच्या स्वेटरवर पसरले,
व्याजदर खांद्यावर, घसारा बरोबर छातीवर.
त्यानं भिंतीवर बोट ठेवलं.
“हे शून्य,” तो म्हणाला,
“इथे मी एकतीस वर्षं कामाला होतो.”

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

माझ्याकडे उत्तर होतं.
चंद्रपूरच्या कॉलनीत आई
दोरीवरचा प्रत्येक कपडा दोनदा झटकायची,
घडी घालण्याआधी. ती राखही
कुणाच्या तक्त्यात नव्हती.
पण ते त्याच्या एकतीस वर्षांसमोर मांडायचं
म्हणजे वजाबाकी, आणि कशातून काय वजा करायचं
ते मला ठरवता येईना.
मी पुढची स्लाइड लावली.

खुर्च्या आवरायला तोच थांबला.
बाहेर धक्क्यावर कोळशाचे जुने लाकडी फलाट,
काळे, अर्धे पाण्यात, वर सीगलांची वस्ती.
आणि पलीकडे अंधारात तांबडे दिवे,
एकाच वेळी लागणारे, एकाच वेळी विझणारे.

“खाणीकडून आम्हाला कोळसा फुकट मिळायचा,” तो म्हणाला.
“दाराशी ढीग ओतून जायचे.
त्याची किंमत किती, हे मला
कधी विचारावंच लागलं नाही.”
थोडं चालल्यावर :
“जावयानं गेल्या वर्षी छपरावर पॅनल बसवलेत.”

वसुली किती वर्षांत? मी विचारलं.
सवय. दुसरं काही सुचत नाही मला.

“अकरा. आणि मी एकोणऐंशीचा.”
हसला. हसताना थांबून श्वास घ्यावा लागला.
“नव्वदीला नफ्यात येईन, पोरी. तुझ्या तक्त्यात लिहून ठेव.”

घरी येऊन तक्ता उघडला.
शून्य तसंच ठेवलं. ते बरोबर आहे.
त्याला शंभर वेळा तपासलंय मी.

पहाटे तीनच्या सुमाराला वारा सुटला,
खिडकीची चौकट थडथडायला लागली,
आणि अर्धवट झोपेत मी हिशेब केला :
सकाळी दर उतरणार.
त्याच्या गल्लीतही.